दोन परकर आणि हाकोनेचं कढत पाणी

आईंची सत्तरी आली तेव्हा माझ्या नवऱ्याने, सुहासने, त्यांना विचारलं, "आई, काय हवं तुला?" आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यापासून त्या कुवेतला आमच्याकडेच असतात. मला वाटलं पाटल्या मागतील. त्या म्हणाल्या, "मला गरम पाण्याच्या कुंडात डुंबायचंय." त्यांचं माहेर तुरळजवळचं, संगमेश्वर तालुक्यातलं. लहानपणी गावातल्या बायकांबरोबर तिथल्या कुंडावर जायच्या, ते पाणी काही डोक्यातून गेलं नाही. त्यात मोबाइलवर जपानमधल्या कुंडांचे व्हिडिओ बघून बघून त्यांनी देशही ठरवून ठेवला होता.

आता कुवेतच्या माणसाने गरम पाण्यासाठी जपानला जायचं म्हणजे कमालच. आमच्याकडे जुलैत गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. गच्चीवरची टाकी दिवसभर तापते, म्हणून आम्ही गिझर बंद ठेवतो आणि त्यात निवलेलं पाणी अंघोळीला घेतो. ऑफिसात सांगितलं तर सगळे हसले. फेब्रुवारीच्या सुट्टीत लोक खैरानला समुद्रावर शॅले, म्हणजे सुट्टीतली घरं, भाड्याने घेतात, आणि ही बाई चालली जपानला अंघोळ करायला.

मीही हसले, पण मला धास्ती वेगळीच होती. सांगूनच टाकते. माझ्या अंगावर कोड आहे. विसाव्या वर्षी पाठीवर पहिला डाग आला, मग पोटावर, मांड्यांवर पसरत गेले. चेहरा आणि हात तेवढे सुटले. सुहासला लग्नाआधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "मला काही फरक पडत नाही, पण आईला नको सांगूस." आणि एकवीस वर्षं आम्ही ते निभावून नेलं. जपानी कुंडात कपड्यांशिवाय उतरायचं असतं, हे मी वाचलं होतं. पण मनात म्हटलं, बायकांबायकांत कोण एवढं बघतंय, आपण आपल्याकडच्यासारखे छातीवर परकर बांधून उतरू. बॅगेत दोन कोरे सुती परकर घातले आणि निर्धास्त झाले.

तुम्ही जाणार असाल तर व्हिसाला वेळ ठेवा, आणि अर्ज करण्याआधी इकाम्याची, म्हणजे कुवेतच्या रहिवासी परवान्याची, मुदत बघून घ्या, आमची धावपळ त्यातच झाली. कुवेतहून सरळ विमान नाही, दुबईला बदलावं लागतं. तोक्योत दोन दिवस काढले, त्याबद्दल लिहीत नाही, तिथे सगळेच जातात. तिथल्याच शिंजुकू स्टेशनवरून हाकोनेची, म्हणजे कुंडांच्या डोंगराळ गावाची, गाडी दीड तासाची. तिथून पुढे डोंगरात चढणारी चिमुकली गाडी आहे, ती वळणावर थांबते, चालक या टोकाचा त्या टोकाला जातो आणि गाडी उलटी निघते. आई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. झाडांवर थोडं बर्फ होतं आणि डोंगरातून जागोजाग वाफ निघत होती, जशी चुलीवर पातेली चढवून कुणी विसरून गेलंय.

आमचं रिओकान, म्हणजे जुन्या पद्धतीची सराई, ओढ्याच्या काठी होतं. माणशी पन्नास-पंचावन्न दिनार, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून. दारात चपला काढायच्या, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. खोलीत पलंग नाही, खुर्ची नाही, जमिनीवर गवताच्या चटया. त्यांना वाळल्या पेंढ्याचा वास येत होता. आई मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "हे आपल्या घरासारखं आहे." खिडकीबाहेर ओढा वाजत होता. त्या आवाजात मला गुंगी आली, कुवेत, ऑफिस, बॅलन्स शीट सगळं कुणा दुसऱ्याचं असावं असं लांब गेलं.

संध्याकाळी सुहास पुरुषांच्या बाजूला गेला, आम्ही दोघी बायकांच्या. कपडे काढायच्या खोलीत एक पांढऱ्या केसांची बाई टोपल्या लावत होती. आम्ही पाठमोऱ्या झालो, झटपट परकर बांधले आणि दाराकडे निघालो. बाई पुढे आली, वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हातांची फुली करून दाखवली. कापड पाण्यात चालत नाही. मी हातवारे करून बघितले. ती हसत राहिली, फुली काही सुटेना.

"जाऊ दे गं," आई म्हणाल्या, "इथे कोण ओळखतंय आपल्याला." आणि परकराची नाडी सोडून मोकळ्या झाल्या.

मी म्हटलं, "आई, तुम्ही जाऊन या. मी थांबते इथे."

"असं कसं? एवढं लांब आणून मला एकटीला सोडतेस?" त्या बाहेर पडल्याही. बाहेर ओले दगड, त्यावर बर्फाचं पाणी, आणि आईंचे गुडघे आधीच कुरकुरणारे. दोन पावलांवर त्या थबकल्या. "मंजिरी, मला धर. पाय घसरतोय."

त्या पडल्या असत्या तर? मी परकर सोडला आणि जाऊन दंड धरला.

कुंडाच्या बाजूला लाकडी चौरंगांवर बसून आधी अंग घासून धुवायचं असतं, मग पाण्यात. आई चौरंगावर टेकल्या आणि वळून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"सुहासला ठाऊक आहे?"

"हो."

"म्हणजे मलाच तेवढं नाही."

त्यांनी अंग धुतलं, माझ्या हाताला धरून पाण्यात उतरल्या आणि मग हात सोडून पलीकडच्या कडेला जाऊन बसल्या. पाणी कढत, डोक्यावर बोचरा गार वारा, मधे नुसती वाफ. दोन जपानी बायका सरकून मला जागा देऊन पुन्हा डोळे मिटून बसल्या. कुणी बघितलं नाही. माझ्या पाठीला उघड्यावरचा वारा एवढ्या वर्षांत लागला नव्हता. इतकं सुख वाटत होतं आणि त्याच वेळी रडू फुटत होतं, काय सांगू. वाफेतून आईंचा आवाज आला.

"तेव्हा सांगितलं असतंस तर मी हे लग्न होऊ दिलं नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं, आई."

जेवण खोलीतच येतं, चौदा-पंधरा इवल्याशा वाट्यांतून. आम्ही मासे खाणारे म्हणून निभावलं. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा, सुपात माशाचं पाणी असतंच. एरवी आईंनी प्रत्येक वाटीवर शेरा मारला असता. सुहासने विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "जेव तू." त्याने माझ्याकडे बघितलं आणि तोही समजला. तेवढ्यात चटईवर गाद्या घालायला माणसं आली. मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि ओढा ऐकत राहिले.

पहाटे आईंनी मला हलवलं. "ऊठ. सकाळचं पाणी चांगलं असतं."

कुंडावर आम्ही दोघीच होतो. उजाडत होतं, समोरचा डोंगर वाफेत यायचा आणि जायचा. या खेपेला त्या माझ्या शेजारी बसल्या.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या," त्या म्हणाल्या. "लग्न होऊ दिलं नसतं, हे खरंच. खोटं कशाला बोलू? ह्यांच्या आजारपणात तू नोकरी टाकून तीन महिने येऊन राहिलीस, त्यांचं सगळं केलंस. आणि मी तुला दारातूनच परत पाठवली असती." त्यांनी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. "मला राग तुझा आलाय की माझा, तेच कळत नाही."

आम्ही बोटं सुरकुतेपर्यंत बसून राहिलो.

कुवेतला परतलो त्याला महिना होऊन गेला. लोक विचारतात, एवढा खर्च वसूल झाला का? अंघोळीचं म्हणाल तर झाला, गुडघ्यांचं म्हणाल तर नाही, आई अजून कुरकुरतात. माफ केलं का, हे त्यांनी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

परवा पाडव्याच्या कार्यक्रमाला निघायचं होतं. आमच्या दोन खोल्यांच्या घरात आई राहायला आल्यापासून मी कडी लावल्याशिवाय साडी नेसलेली नाही. परवा कडी लावली नाही. ब्लाउज हातात होता तेवढ्यात आई चष्मा शोधत आत आल्या. मी पाठ वळवली नाही, काही ओढून घेतलं नाही. त्यांनी चष्मा घेतला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "ती हिरवी नेस. तुला हिरवी उठून दिसते."