तोयो आजींचे चाळीस मुळे

आमच्या कामिनोसावा गावात येऊन रोवेनाला तिसरा हिवाळा लागला होता, आणि या तीन वर्षांत तिला कोणीही, एकदाही, रागावलं नव्हतं. कोणाला हे सुख वाटेल. पण ती वाढली फिलिपिन्समधल्या इलोइलोत. तिथे शेजारणी कुंपणावरून एकमेकींच्या पोरांची हजेरी घेतात आणि त्याच दुपारी वाटीभर कालवण पाठवतात. त्यामुळे तिला काही ते सुख वाटत नव्हतं.

गावात माध्यमिक शाळा एकच आणि तिथे इंग्रजी शिकवणारी परदेशी बाईही, आमच्या भाषेत 'सेन्सेई'ही, एकच. डिसेंबर ते मार्च रोज सकाळी ती वर्गाला इंग्रजीत विचारायची, आज हवा कशी आहे? अठ्ठावीस मुलं एका सुरात इंग्रजीत सांगायची, बर्फ पडतोय. दुसरं काही सांगायला बर्फाने कधी संधीच दिली नाही. त्या एका सुरावर तिचा जीव होता. स्टाफरूममध्ये रॉकेलच्या शेगडीजवळची खुर्ची तिच्यासाठी रिकामी ठेवलेली असे, आणि तिच्या चुकीच्या जपानीवर कोणी कधी हसत नसे. आम्ही लोक असेच. पाहुण्याला इतकं जपतो की तो बिचारा पाहुणाच राहतो.

तिच्या शेजारी राहतात कुमागाई शिगेओ. आम्ही त्यांना कुमागाई सान, म्हणजे कुमागाईराव, म्हणतो. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, खालच्या आळीचे प्रमुख, अतिशय सज्जन. रोवेना उठायच्या आत तिच्या दारातला बर्फ त्यांनी काढलेला असायचा.

"उद्यापासून मी काढते ना," ती म्हणायची.

"छे छे, सेन्सेई. तुम्ही शाळा बघा. एवढ्याशा कामासाठी तुम्हाला कशाला त्रास?"

पहिल्या वर्षी हौसेने घेतलेल्या तिच्या फावड्यावरचं दुकानाचं लेबल अजून तसंच होतं.

त्या शुक्रवारपर्यंत तिला शिक्षण कार्यालयात लेखी उत्तर द्यायचं होतं: एप्रिलपासून आणखी एक वर्ष राहणार की नाही. तिकडून आईने फोनवर घोशा लावला होता, "पुरे झालं ग, ये आता." रोवेनाचं मन नाहीकडे झुकलं होतं. थंडीचं तिला काही वाटत नव्हतं. कंटाळा आला होता तो पाहुणी असण्याचा. जिथे आपल्यावाचून कोणाचं काही अडत नाही आणि आपल्याकडून कोणी काही मागत नाही, तिथे चौथं वर्ष काढायचं कशाला, असं तिला वाटत होतं.

मंगळवारी पहाटे पडदा सारला तर बाहेर मांडीइतका बर्फ. तिने मनाशी ठरवलं, आज कुमागाई सानांच्या आधी. चारलाच ती फावडं घेऊन बाहेर पडली. आपलं दार मोकळं केलं, त्यांचं केलं, पलीकडच्या दोन घरांचंही केलं. सगळा बर्फ ढकलला रस्त्याकडेच्या चरात. आमच्याकडे बर्फ वाहून नेण्यासाठी असा चर असतो, वर लोखंडी जाळ्या. लोक सकाळी त्यात बर्फ टाकतात हे तिने खिडकीतून शंभरदा पाहिलं होतं. साडेपाचला जाळी लावून ती आत आली, गरम पाण्यात बसली आणि गुणगुणत शाळेला गेली.

पाण्याच्या पाळीची गोष्ट तिला माहीतच नव्हती. चराला पाणी नदीतून सोडतात, तेही वाटून. सहा ते सात वरच्या आळीला, सात ते आठ खालच्या आळीला. त्याआधी चर कोरडा असतो. तिने कोरड्या चरात दाबून बर्फ भरला. सहाला वरच्या आळीने पाणी सोडलं, ते खाली येऊन या बर्फाला अडलं, चढलं आणि वळणावरच्या नारीता तोयो आजींच्या कोठीत शिरलं.

पहिल्या तासानंतर उपमुख्याध्यापकांनी तिला बाजूला घेऊन हे सांगितलं तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. परवानगी मागून ती निघाली. वाटेत मिठाईचा खोका घेतला, कारण आमच्यात माफी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत, एवढं ती शिकली होती.

आळीत चौघेजण बांबूने चर मोकळा करत होते. तिला पाहताच सगळ्यांनी टोप्या काढल्या.

"काही नाही हो, सेन्सेई. होतं असं."

कुमागाई सान तर तिच्यापुढे कमरेत वाकले. "चूक माझी आहे. पाण्याच्या पाळीचा कागद सूचनांच्या पाटीला लावून दरवर्षी घरोघर फिरतो, वाचून सही करायची असते. तुम्हाला वाचायचा त्रास नको म्हणून तुमच्या घराची सही मीच करून पुढे पाठवत होतो."

म्हणजे आपण केलेली चूकसुद्धा इथे आपली होत नाही. रोवेनाला भर रस्त्यात रडावंसं वाटलं. शुक्रवारी काय लिहायचं ते तिथेच ठरलं. आता फक्त आजींची माफी मागायची होती.

तोयो आजी एकोणऐंशी वर्षांच्या. कमरेतून वाकलेल्या, पण जीभ ताठ. दारात गमबुट घालून उभ्या होत्या.

"हे काय आणलंस?"

"मिठाई. माफी मागायला आले."

"मिठाईने पाणी उपसतात का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग ठेव तिकडे आणि बादली घे. बूट काढू नकोस, आत तळं झालंय."

रोवेना बादली घेऊन आत गेली, आणि आजींनी तिची जी खरडपट्टी काढायला सुरुवात केली ती दोन तास.

"जाळी उचललीस तेव्हा खाली बघितलं होतंस?"

"नाही."

"पाणी होतं का त्यात?"

"नव्हतं."

"मग बर्फ वाहून कसा जाणार, इंग्रजीत? सहा ते सात वरची आळी. सात ते आठ आपली. म्हण."

"सहा ते सात वरची आळी. सात ते आठ आपली."

"पुन्हा म्हण. आणि बादली अर्धी भरून काय नेतेस, नवी नवरी आहेस का?"

पाणी उपसून झालं. कोठीत खारवलेल्या मुळ्यांची दोन पिंपं होती. एक फळीवर होतं, ते वाचलं. जमिनीवरच्या पिंपात चराचं गढूळ पाणी गेलं होतं. नोव्हेंबरात दोरीला टांगून, चार दिवस ओकच्या लाकडाचा धूर देऊन, मग मीठ आणि कोंड्यात दाबलेले चाळीस मुळे. आजींनी एक काढून हुंगला आणि बाजूला टाकला. इतका वेळ चालू असलेली जीभ गप्प झाली, तशी रोवेनाला खरोखर लाज वाटली. तिचे डोळे भरून आले.

"रडू नकोस," आजी म्हणाल्या. "पाणी आधीच पुष्कळ आहे."

तेवढ्यात कुमागाई सान दारात आले. "आजी, सेन्सेईंना जाऊ द्या ना. दोष माझा आहे."

"तुझा तर आहेच, शिगेओ. तीन वर्षं पोरीला बाहुलीसारखं काचेच्या कपाटात ठेवलंस. सांगायचं नाही, शिकवायचं नाही."

"त्यांना त्रास नको म्हणून..."

"तिला की तुला? सांगत बसायचा कंटाळा तुझा, आणि नाव तिचं."

कुमागाई सानांनी मान खाली घातली. आजी त्यांना त्यांच्या लहानपणापासून ओळखतात, आणि आजींपुढे त्यांना कधी दुसरं काही करता आलेलं नाही.

मग आजी रोवेनाकडे वळल्या. "चाळीस घालवलेस. नोव्हेंबरात यायचं आणि चाळीस धुवून, बांधून, टांगून द्यायचे. धुराने डोळे चुरचुरतात. तेव्हा शाळेची सबब चालणार नाही."

"नोव्हेंबरात?" रोवेनाने विचारलं.

"मग काय फेब्रुवारीत? आत्ता मुळे कुठे मिळणार?"

पुढच्या नोव्हेंबरात ही मुलगी इथे असेल की नसेल, असा प्रश्नच म्हातारीला पडला नव्हता. नुकसान केलंय, भरून द्यायचंय, एवढा सरळ हिशेब. रोवेना तिथेच बादलीवर बसली. तीन वर्षांत तिच्याकडे पहिल्यांदा कोणी काही मागितलं होतं. त्या ओल्या कोठीत, खाऱ्या मुळ्यांच्या वासात, तिला त्या म्हातारीबद्दल इतकी कृतज्ञता वाटली की पाय धरावेत. आजींनी धरू दिले नसते. त्यांनी तिच्या हातात खराटा दिला.

रोवेना शुक्रवारपर्यंत थांबली नाही. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत शिक्षण कार्यालयात गेली. फॉर्मवर 'राहणार' भोवती तिने गोल केला. खाली कारणासाठी दोन ओळी होत्या. तिथे तिने शाळकरी अक्षरात जपानीत लिहिलं: नोव्हेंबरात चाळीस मुळे धुवायचे आहेत.

कारकून मिउरा बाईंनी फॉर्म वाचला. चष्मा वर करून पुन्हा वाचला.

"वळणावरच्या तोयो आजींचे का?"

"हो."

"मग घरचे हातमोजे घेऊन जा," शिक्का मारत मिउरा बाई म्हणाल्या. "त्या देत नाहीत, आणि आणले नाहीत म्हणून बोलतात."