आमची पुलिया अजून पुरेशी मोडलेली नाही

मंडळी, आत्ताच वॉर्डाच्या बैठकीहून आले आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

वॉर्डांची फेररचना झाली आणि शिंदे की छावनीतली आमची गल्ली नव्या वॉर्डाला जोडली गेली. आज तिथे रहिवाशांना बोलावलं होतं, शहराचा पैसा कशावर खर्च करायचा ते सांगायला. मला एवढंच सांगायचं होतं, की गल्लीच्या तोंडाशी नाल्यावरची पुलिया, म्हणजे छोटा पूल, खचली आहे आणि बाहेर पडायला दुसरा रस्ताच नाही. सासूबाई वॉकर घेऊन चालतात. पावसाळ्यापासून त्या घरातच अडकल्यात.

बैठक घ्यायला आलेल्या पालिकेच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मैडम, ये तो मरम्मत हुई. ये बजट सिर्फ़ नए निर्माण का है."

नवं म्हणजे काय, तर चौकात कारंजं!

शेजारचे जाधवकाका उठले. "तो पुलिया ही नई बना दीजिए!"

"पुरानी के रहते नई कैसे बनेगी? पूरी टूट जाए, तब देखेंगे."

लोक चक्क हसले. मग हात वर झाले आणि कारंजं मंजूर झालं.

घरी आले तर सासूबाई दारात खुर्ची टाकून बसलेल्या. "काय गं, झालं का काम? दिवाळीला देवळात जाता येईल ना मला?"

"बघू," म्हटलं.

खरं सांगू? येताना मी त्या पुलियावर थांबले आणि जीव खाऊन पाय आपटला. ती हलली, पण पडली नाही.

उद्या कोण कोण येतंय माझ्याबरोबर पाय आपटायला?