अमीनभाईंचा कच्चा टाका

वाचनालयात परत आलेलं पुस्तक कपाटात ठेवण्यापूर्वी चाळून बघायची माझी सवय होती. लोक पुस्तकात काय काय ठेवतात ते ग्रंथपालालाच ठाऊक. कोणी तंबाखूची पुडी विसरतं, कोणी लग्नपत्रिका, एका गृहस्थांनी तर खुणेसाठी पापड ठेवला होता. पण त्या दिवशी हातात आलेल्या कादंबरीची शेवटची तीसेक पानं उघडेचनात. चहा सांडून चिकटली असतील म्हणून खिडकीशी नेऊन पाहिलं, तर उघड्या कडेनं पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली. टाका इतका एकसारखा, की क्षणभर मी कौतुकानं बघत राहिलो. मग राग आला, आणि तो पुढची बारा-तेरा वर्षं काही पुरता गेला नाही.

महाराष्ट्र होऊन तेव्हा एक-दोन वर्षं झाली होती. मी मोताळ्याला शाळामास्तर होतो आणि संध्याकाळी दोन तास वाचनालय उघडत असे. वाचनालय म्हणजे एक खोली, तीन कपाटं आणि मी. मोताळ्यात असा टाका घालणारा हात एकच होता. बाजाराच्या वाटेवर अमीनभाईंचं शिलाईचं दुकान होतं. पुस्तक बगलेत मारून मी तिथं गेलो. ते कोणाच्या तरी बंडीला काज करत होते. पुस्तक पुढं आदळलं, तर त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि टाक्यावरून अंगठा फिरवला.

"सुटला नाही ना कुठी?" त्यांनी विचारलं.

"अहो, पण शिवलं काऊन?"

"मास्तर, पोरगी आजारी पडून राह्यली होती. आता ते मरते. कोन पाह्यते ते?" आणि मग माझी समजूत काढल्यासारखं म्हणाले, "कच्चाच टाका हाय. ज्याले पाह्यजे त्यानं उसवावा. मी काही कोनाले मना केलं नाही."

मी उसवलं आणि त्यांच्या देखत शेवट वाचून पाहिला. पोरगी मेलीच होती. तेवढ्यात त्यांनी मशीन सुरू करून इतक्या जोरात पाय मारला, की मी काही सांगितलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं.

त्यांनी शेवट वाचून पुस्तक शिवलं असावं, असं मी धरून चाललो होतो. नाही. त्यांनी आयुष्यात एकाही दुःखी पुस्तकाचा शेवट वाचला नव्हता. वाचता वाचता त्यांना वास यायचा. खोकला सुरू झाला, दिव्यातलं तेल संपत आलं, कोणी दारात उभं राहून वळून वळून बघायला लागलं, की अमीनभाई पुस्तक मिटून सुई ओवायचे. फिरता तंबू-सिनेमा गावात आला, की पहिल्या खेळाला पहिले तेच. पण पडद्यावर सारंगी रडायला लागली की उठून बाहेर जायचे आणि तंबूच्या दोरीशी बसून शेंगा खायचे. त्यांच्या हिशेबी त्या सगळ्या सिनेमांतली माणसं अजून सुखात होती. चहाच्या टपरीवर कोणी पुढचं सांगू लागलं, की म्हणायचे, "तुह्या सिनेमात मेला असंन. माह्या सिनेमात जित्ता हाय."

मी नियमाचा माणूस. लेखकानं लिहिलं ते वाचकानं पुरतं वाचलं पाहिजे, हे माझं म्हणणं, आणि अजूनही आहे. मी त्यांना नोटीस दिली, ती त्यांनी मापं लिहायला वापरली. महिनाभर पुस्तकं बंद केली, तर त्यांच्या वतीनं शेजारचे कंपाउंडर पुस्तक न्यायला लागले. त्यावर कळस केला तो गावानं. माणसं येऊन विचारायची, "अमीनभाईनं शिवेल हाय का हे?" शिवलेलं नसलं तर निर्धास्त न्यायची. देशमुखांच्या सूनबाई मात्र मुद्दाम शिवलेलीच मागायच्या आणि सुईनं टाके उसवून पोटभर रडायच्या. मी वर्गवारीच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. सगळं वाचनालय त्या माणसाच्या दोऱ्यावर चाललं होतं.

अशात एकदा तपासणीला साहेब आले. अमीनभाई कोपऱ्यातल्या बाकावर वाचत बसले होते. साहेबांनी नेमकं शिवलेलं पुस्तक उचललं आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "हे काय?" पुस्तकांची नासधूस हा शेरा पडला असता, तर वाचनालय माझ्या हातून गेलं असतं आणि अमीनभाईंना त्या खोलीची पायरी बंद झाली असती. मी म्हणालो, "बांधणी खिळखिळी झाली होती साहेब. पानं गळू नयेत म्हणून शिवून घेतली. आमचे हे कारागीर पैसेही घेत नाहीत." साहेब खूश झाले. त्यांनी 'ग्रंथांची निगा उत्तम' असा शेरा लिहिला, आणि मला स्वतःची लाज वाटली.

साहेब गेल्यावर अमीनभाई माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "मास्तर, तुमी माह्यासाठी खोटं बोल्ले. इतकं साफ, की मलेच खरं वाटलं. मी इसरनार नाही." आणि ते खरोखरच विसरले नाहीत, तेच पुढं मला भोवलं.

आता त्या निळ्या कादंबरीकडं येतो. खरं तर तिच्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. निळ्या कापडी बांधणीची ती जाड कादंबरी अमीनभाईंचा जीव की प्राण होती. ईद आणि दिवाळी, दोन्हींची शिलाई उरकली, की ते दरवर्षी ती नेत. तीत एक भाऊ बोटीवर कामाला जातो. पत्रं येतात, मग थांबतात. घरी बहीण वाट बघते. वर्षं जातात. मग एके दिवशी दारात तारवाला उभा राहतो, आणि तिथं अमीनभाईंचा टाका सुरू होतो.

त्या काळी आमच्याकडं तार म्हणजे मयताचीच. तार आली की बायका ती फोडायच्या आधीच रडायला लागत. अमीनभाईंचे वडील अकोल्याच्या दवाखान्यात वारले तेव्हाही अशीच तार आली होती. आणि त्यांचा धाकटा भाऊ युसूफ मुंबईला जाऊन बोटीवर लागला होता. दोन वर्षं पत्रं आली. पुढं काहीच नाही. अमीनभाई त्याच्याविषयी एवढंच म्हणत, "तार नाही आली ना? मंग झालं."

मी ती कादंबरी आधीच वाचली होती. तारेत मयत नव्हतं. भावानं लिहिलं होतं, 'मंगळवारी पोचतो.' पुढची सारी पानं त्या मंगळवारची होती. स्टेशनवर बहिणीला तो ओळखू येत नाही, दोघं एकमेकांच्या शेजारून निघून जातात आणि मग एकदम वळतात. त्या कपाटातला सगळ्यात सुखाचा शेवट या माणसानं स्वतःच्या हातानं शिवून ठेवला होता.

हे मला किती जाचलं म्हणून सांगू. मी तोंड उघडलं, की ते कानांवर हात ठेवत. एकदा मी चिडून "अहो, तारेत..." एवढं म्हणालो, तर त्यांनी माझा शिवायला टाकलेला गरम कोट उचलून फळीवर फेकला. "पुढचा शबद बोल्ले तर कोट थंडी गेल्यावर भेटन." तो खरंच एका बाहीनिशी महिनाभर फळीवर पडून राहिला आणि मी प्रार्थनेला कुडकुडत उभा राहिलो. टाका उसवून पुस्तक दिलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा शिवलेलं परत यायचं. किती वेळा उसवलं आणि किती वेळा शिवलं गेलं, याचा मी नाद सोडला.

पुढं त्यांचे डोळे गेले. मोतीबिंदू फार पिकला होता आणि दवाखान्याचं नाव काढलं की ते विषय बदलत. सुई गेली, पुस्तकं गेली. मग छातीचं दुखणं लागलं आणि त्यांनी खाट धरली. एका रविवारी दुपारी त्यांच्या बायकोचा, जुबेदाभाभींचा निरोप आला, "मास्तरले म्हना, निळी पोथी घेऊन या."

मी गेलो. अमीनभाई भिंतीला टेकून बसले होते. पुस्तक हातात दिलं, तर त्यांनी नेमकी कड शोधून अंगठा फिरवला.

"उसवा आता," ते म्हणाले. "लय वर्सं ठेवलं बंद. आता मलेच पाह्यजे."

मी ब्लेडनं दोरा कापला. बारा वर्षं पोटात धरलेली गोष्ट मला एकदाची सांगायला मिळणार होती. मी वाचू लागलो. तारवाला, तार, मंगळवार, स्टेशन, शेजारून जाणं, वळणं. एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. भाभी पदर डोळ्यांना लावून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर अमीनभाई सरसावून बसले. मग म्हणाले, "पुन्ना वाचा." मी पुन्हा वाचलं.

"शाबास," ते हसून म्हणाले. "दुसऱ्या बारीलेही शबद हालला नाही. लय चांगलं जुळवलं मास्तर."

"जुळवलं? अहो अमीनभाई, छापलंय तसं."

"हाव, हाव. त्या साह्यबापुढं बोल्ले होते ना, तसंच साफ."

मी विनवलं. भाभींपुढं पुस्तक धरलं, पण त्या निरक्षर. शेवटी म्हणालो, "सरस्वतीची शपथ घेऊन सांगतो." त्यांनी अंदाजानं माझा हात धरला.

"कसम नका खाऊ. खोट्यासाठी खाऊ नाही. तार कशाची असते ते का मले समजत नाही? पन तुमी नियमाचे मानूस, अन् माह्यासाठी अख्खं पुस्तक बदलून आनलं. माह्या भावानंही केलं नसतं इतकं."

रागानं माझे डोळे भरून आले. ते इतके समाधानी दिसत होते, की पुढं वाद घालायची माझी हिंमत झाली नाही. निघताना त्यांनी भाभींना सुई-दोरा आणायला सांगितला आणि मला म्हणाले, "जसं होतं तसं शिवून टाका. तुम्हाले नाही जमनार, पन टाका कच्चाच घाला." मी घातला. वाकडातिकडा, लांबलांब. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि पुस्तक मला परत दिलं.

त्या आठवड्यातच ते गेले. युसूफची तार कधी आली नाही, युसूफही आला नाही.

पुढं वाचनालय नव्या जागी गेलं, तेव्हा निळी कादंबरी मी भरपाई देऊन घरी आणली. नियमानं. माझा टाका कधीच सुटून गेला, पण त्यांच्या सुईची भोकं पानांच्या कडेनं एका रेषेत अजून आहेत. वर्षातून एकदा, दिवाळी झाली की मी ती शेवटची पानं मोठ्यानं वाचतो. घरातल्यांना वाटतं, म्हाताऱ्याला चळ लागला. वाचून झाल्यावर मी दरवेळी तेच म्हणतो. अहो अमीनभाई, खरंच तसं लिहिलंय हो.