कोयता अर्धा, माणूस एक

जुन्या फिरत्या नाटक कंपन्यांत एक असामी हमखास असायची. जाहिरातीवर तिचं नाव नसे, पण ती आजारी पडली तर मालकाला घाम फुटे. राजा तापाने फणफणला की मुकुट तिच्या डोक्यावर. पेटीवाल्याची गाडी चुकली की पेटी तिच्या पुढ्यात. आणि ऐन प्रवेशाआधी नायिकेचं लुगडं उसवलं, तर सुई-दोराही तिच्याच खिशात. नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत, एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर, मोनिका गर्जे हे असंच पात्र होतं. फरक इतकाच की तिची कंपनी नाटकाची नव्हती, सॉफ्टवेअरची होती.

खाली लेथची घरघर, वर कीबोर्डची टकटक. गावोगावच्या दूध डेऱ्या, कांद्याचे व्यापारी, पतसंस्था अशांसाठी ही कंपनी प्रोग्राम बनवायची. माणसं मोजकीच, त्यामुळे मोनिकाच्या वाट्याला सगळ्या भूमिका आल्या. सकाळी ती कोड लिहायची. दुपारी तोच कोड मोडतो का, ते शत्रूसारखी तपासायची. मग एसटी धरून शेवगाव नाहीतर जामखेडला जायची, डेरीच्या ओट्यावर बसून लोकांना तो वापरायला शिकवायची आणि वापरताना त्यांच्या कपाळाला आठी कुठे पडते, ते मनात टिपून परत यायची. दुसऱ्या दिवशी पहिलं काम ती आठी काढण्याचं.

फोनवर तर तिचा आवाजच बदलायचा. पुण्याच्या गिऱ्हाइकाला "आपण जरा स्क्रीन दाखवाल का?" आणि पाठोपाठ डेरीवाल्याला "दादा, आधी वायर लावा, मग मला शिव्या द्या." शेजारच्या टेबलावरचा कल्याण रोज सकाळी विचारायचा, "मोनिकाताई, आज कोणतं सोंग?"

"जेवणापर्यंत इंजिनिअर. नंतर मास्तरीण."

"आणि चहा कोण आणणार?"

"तो रोल तुझा पक्का आहे."

असं सुखात चाललं होतं. मग कंपनी वाढली. कामं मोठी आली, नवी मुलं आली आणि सगळ्याला शिस्त लावायला पुण्याहून सुश्रुत सर आले. माणूस सज्जन. आवाज कधी चढवायचा नाही, चहावाल्यालाही 'आपण' म्हणायचा. मोठमोठ्या कंपन्यांत ते वाढलेले होते, आणि जिथे प्रत्येकाला एकच खुर्ची असते तिथे गोंधळ होत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पहिल्याच आठवड्यात भिंतीवर पांढरा फळा लागला. लिहिणारे वेगळे, तपासणारे वेगळे, शिकवणारे वेगळे. मोनिकाचं नाव 'फोन' या रकान्याखाली आलं. गिऱ्हाइकाने तक्रार सांगायची, तिने ती पुढे धाडायची.

मोनिका त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, माझा कोड?"

"कोड कल्याण बघतील. तुम्ही लोकांशी फार छान बोलता."

"कोड ठाऊक असतो म्हणून छान बोलता येतं, सर."

सुश्रुत सरांनी चष्मा काढून पुसला. "मोनिका, राग मानू नका. सगळ्यातलं थोडं थोडं येणं म्हणजे कशातच पूर्ण नसणं. मला माणसं अर्धी-अर्धी वापरायची नाहीत. साखर कारखान्याचं काम पार पडू दे, मग या खुर्च्या कायमच्या करू."

म्हणजे मुदत पडली. कारखान्याचं काम सुरळीत झालं की तिचा कोड कायमचा सुटणार होता. त्या दिवशी ती घरी गेली ती 'अर्धी' हा एकच शब्द घेऊन. तो शब्द तिच्या घराला नवा नव्हता.

कारखान्याचं काम होतं ऊसतोडीच्या टोळ्यांचं. दिवाळी झाली की पाथर्डीकडून, बीडकडून टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास कोप्या घालून राहतात. या हंगामात कारखान्याने त्यांच्यासाठी दवाखान्याची फिरती गाडी ठेवली होती. टोळीच्या मुकादमाने मोबाईलवर आपल्या माणसांची नावं भरायची आणि त्या यादीवरून गाडीतल्या सिस्टरने एकेकाला तपासायला बोलवायचं, इतकं साधं काम. टोळी मोजतात कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक तोडणार, एक मोळी बांधणार, दोघं मिळून एक कोयता. कल्याण पक्का नगर शहरातला, पण त्याने हे विचारून घेतलं होतं आणि त्याचा त्याला अभिमानही होता. म्हणून त्याने प्रत्येक कोयत्यापुढे दोन नावांच्या चौकटी ठेवल्या. दोन्ही भरल्या तर नोंद पुढे जाणार. एक रिकामी राहिली तर लाल अक्षरांत 'नोंद अपूर्ण'. तपासणाऱ्यांनी जोड्या-जोड्या भरून पाहिल्या. कुठेच अडलं नाही.

टोळ्या आल्या आणि एका सकाळी फोन वाजला. पाथर्डीकडचा भीमा मुकादम होता.

"ताई, ह्ये फुडं सरकंना. अपूर्न म्हनतंय."

जुन्या दिवसांत मोनिकाने त्याला खोदून खोदून विचारलं असतं, नाहीतर सरळ एसटी पकडली असती. पण आता तिच्यापुढे फोनच्या टेबलाचं छापील उत्तर होतं आणि मागे तीन फोन वाजत होते. तिने तेच वाचलं. "दादा, दोन्ही नावं भरा. सगळी माहिती भरल्याशिवाय नोंद जात नाही."

"भरतो मग," भीमा म्हणाला. आणि त्याने भरली.

काम दाखवण्याचा दिवस उजाडला. सकाळी कोप्यांपाशी गाडीची तालीम आणि दुपारी कारखान्याच्या मांडवात साहेब लोकांपुढे मुख्य प्रयोग, असा बेत होता. सुश्रुत सर इस्त्रीच्या शर्टात, कल्याण लॅपटॉप छातीशी धरून, आणि मुकादमांना हिचा आवाज ओळखीचा आहे म्हणून मोनिका. गाडीचं दार उघडलं. बायामाणसांची रांग लागली. सिस्टर यादीतून नावं पुकारू लागल्या आणि सगळं कसं तालावर चाललं.

"चांगुणा बाबासाहेब."

चांगुणा पुढे आली. वाळक्या अंगाची, पदर खोचलेली.

"आणि सोन्या? सोन्या कुठंय?"

रांगेत खसखस पिकली. चांगुणाने तोंडाला पदर लावला. सिस्टरनी पुन्हा हाक दिली, "सोन्या कोण आहे? तपासून घ्यायचंय."

मागून कोणीतरी म्हणालं, "तपासा की, पन तेवढी शिंगं सांभाळा."

सोन्या चिंचेखाली बांधलेला होता, उसाच्या शेंड्यांचे वाढे चघळत. भीमाच्या टायरगाडीचा तो बैल. आख्खी टोळी हसत सुटली. कल्याणला काही कळेना, सुश्रुत सरांचा चेहरा उतरला. मोनिकाही हसणार होती, पण तिची नजर रांगेच्या बाहेर गेली. तिथे बाभळीखाली काही बाया नुसत्या उभ्या होत्या. एकीच्या कडेवर तापाने मलूल झालेलं पोर होतं. त्या का उभ्या आहेत, असं तिने भीमाला विचारलं.

"त्येंची नावंच न्हाईत, ताई. त्यांच्या मुकादमांनी सोडून दिली. त्या अर्ध्या कोयत्याच्या बाया हायत. म्या आपला बैल जोडला तवा कुटं चांगुनीचं नाव गेलं. तुमीच म्हनला हुता, दोनी भरा."

अर्धा कोयता. नवरा मेलेली, टाकलेली, एकटी आलेली बाई म्हणजे अर्धा कोयता. मोनिकाच्या डोळ्यांपुढे तिची आई उभी राहिली, छबूबाई. वडील गेल्यावर आई लेकीला मावशीकडे शाळेला ठेवून एकटी तोडीला जायची. ऊस तीच तोडायची, मोळी तीच बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत तीच चढवायची. सगळ्या भूमिका एकटीच्या, आणि तरी गावचा मुकादम हाक मारायचा, "ए अर्ध्या कोयत्या." तोच 'अर्धा' शब्द छापील उत्तराआड आपल्याला ऐकू आला नाही, हे मोनिकाला लागलं. पण विंगेत उभं राहून रडायची ही वेळ नव्हती. दुपारचा प्रयोग डोक्यावर होता.

सुश्रुत सरांनी मनातल्या मनात फळा डोळ्यांपुढे आणला. आधी नवी मांडणी ठरवायची, मग लिहायची, मग तपासणाऱ्यांकडे, मग शिकवणाऱ्यांकडे. खुर्ची ते खुर्ची करत काम पुढच्या आठवड्यात पोचलं असतं. ते हळूच म्हणाले, "दुपारपर्यंत हे सगळं कोण करणार?"

"मी करते," मोनिका म्हणाली.

कल्याणने लगेच आपला लॅपटॉप पुढे केला. "कोड माझा आहे, चूकही माझी आहे. पण हात तुझा चालू दे. मी बाजूला बसून प्रॉम्प्टिंग करतो."

मग जे झालं, ते बघायला सगळी टोळी गोळा झाली. कोपीच्या सावलीत वाढ्यांच्या भाऱ्यावर बसकण मारून मोनिका कोड लिहू लागली. दुसरी चौकट सक्तीची राहिली नाही. 'नोंद अपूर्ण' ही लाल अक्षरं तिने मुळापासून उपटली. कल्याण म्हणाला, कोयता हा शब्दच काढू, नुसती माणसं मोजू. तेव्हा तिने मान वर करून भीमाला विचारलं.

"कोयता काडला तर टोळी कशी मोजू?" भीमा म्हणाला. "त्यो ऱ्हाऊ द्या."

तेव्हा कोयताही राहिला आणि त्याच्या शेजारी माणसांचा वेगळा आकडा आला. लिहून झालं तशी ती तपासनीस झाली. बाभळीखालच्या बायांना जवळ बोलावून एकेकीचं नाव त्यांच्याच समोर भरलं. एका म्हाताऱ्याला मुद्दाम चुकीचं, उलटंसुलटं भरून पाहायला लावलं, तरी ते मोडलं नाही. मग ती मास्तरीण झाली. सगळ्या मुकादमांना अर्धगोलात बसवून त्यांच्याच बोलीत शिकवलं, आणि बैलाचं नाव भरलं तर पुढच्या वेळी सुई बैलाच्या मुकादमाला टोचली जाईल, असंही बजावलं. सुश्रुत सर तिथेच उभे होते. सावली सरकली, ते उन्हात आले, तरी त्यांना कळलं नाही.

दुपारी मांडव भरला. साहेब मंडळी पुढच्या खुर्च्यांवर, टोळ्या मागे सतरंजीवर. सुश्रुत सरांनी सुरुवात नेटकी केली. पण कारखान्याचे शेतकी अधिकारी या मातीतले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "एकट्या बाईचं काय करता?"

उत्तर सरांना सकाळीच मिळालं होतं, ते देऊन टाळ्या घेता आल्या असत्या. त्यांनी माईक मोनिकाकडे दिला. "हे ज्यांनी केलं, त्याच सांगतील."

मोनिका पुढे आली. पडद्यावर नोंद उघडली आणि तिने ती मागच्या सतरंजीपर्यंत ऐकू जाईल अशी वाचली.

"चांगुणा बाबासाहेब. कोयता अर्धा. माणूस एक."

मांडवात एकदम शांतता झाली. प्रयोग रंगल्यावर टाळीच्या आधी होते, तशी. मग मागून कोणी बाईने टाळी वाजवली, दुसरीने वाजवली आणि बघता बघता खुर्च्यांवरचे साहेबसुद्धा वाजवू लागले. ज्या बाईच्या कडेवर तापलेलं पोर होतं, ती टाळी वाजवायला नव्हती. ती पोराला घेऊन गाडीत होती. तिचं नाव सगळ्यात आधी पुकारलं गेलं होतं.

शेतकी अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, पुढच्या हंगामाचं पाण्याच्या टँकरचं आणि पोरांच्या शाळेचं कामही तुमच्याकडेच. फक्त अट एक. जी लिहील तीच इथे येईल, आणि जी येईल तीच शिकवील.

दुसऱ्या दिवशी नागापूरच्या ऑफिसात सुश्रुत सर फडकं घेऊन फळ्यापुढे उभे राहिले. 'फोन'खालचं मोनिकाचं नाव त्यांनी स्वतः पुसलं आणि सगळ्या रकान्यांच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लांबलचक करून लिहिलं. कारखान्याचं सगळं काम तिच्या हाती. इतकंच नाही, तर ज्याला ज्याला दुसरं काम करून बघायचं असेल त्याने तिच्याकडे यावं, असंही ते म्हणाले. कल्याणने पहिला हात वर केला. त्याला टोळ्यांवर जायचं होतं.

"मोनिका, अर्धी म्हणालो होतो, ते मागे घेतो," सर म्हणाले. "आता एवढंच सांगा, तुमची खुर्ची कुठे ठेवायची?"

"खुर्चीला चाकं आहेत, सर. कुठंही ठेवा."

संध्याकाळी जिन्यावर उभी राहून तिने गावी फोन लावला.

"आई, मी पूर्ण कोयता झाले."

पलीकडे शेळी ओरडली. मग छबूबाईंनी आवाज दाबून विचारलं, "कोन हाय गं त्यो? नोकरीला हाय का?"

मोनिका इतकी हसली की खालच्या लेथवाल्याने मशीन थांबवून वर पाहिलं. तिने आईला सगळं सांगितलं. फळा, बैल, बाभळीखालच्या बाया, मांडवातली टाळी. छबूबाईंनी शेवटी खात्री करून घेतली.

"म्हंजी एकलीच पूर्न?"

"एकटीच."

"लेखी हाय?"

"फळ्यावर लिहिलंय, आई. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"थांब मग. आपला म्हातारा मुकादम आत्ता पारावर बसलेला आसंल. त्याला सांगून येते."

फोन बंद करायचं भान छबूबाईंना राहिलं नाही. मोनिका कान लावून उभी राहिली. चपला पायात सरकवल्याचा आवाज आला, दाराची कडी वाजली आणि आईची पावलं पाराच्या दिशेने भराभरा लांब जात राहिली.