मुलीकडची माणसं

आमच्या ऑफिसात नोकरीसाठी निवड झालेल्यांना फोन करून कळवायचं काम माझ्याकडे आहे. कधीकधी फोन मुलीचे वडील उचलतात आणि भारदस्त आवाजात सांगतात, "बघतो, घरात विचारून कळवतो." शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणते, नकार आहे, पुढचं नाव घे. मी घेत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावते. हा नकार नसतो, हे मला माझ्या बाबांनी शिकवलं. शिकवता शिकवता माझी पहिली नोकरी जवळजवळ घालवली होती त्यांनी.

बाबांचं धामणकर नाक्यावर कापडाच्या पॉवरलूमच्या सुट्या भागांचं दुकान आहे, पण जीव सगळा लग्नं जमवण्यात. मूळ गाव इथलंच, दिघाशी, त्यामुळे तालुक्यातली कितीतरी घरं त्यांनीच एकमेकांना जोडलेली. जवळच्या वळ गावातल्या एका गोदामाच्या ऑफिसातून मला मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा घरातले तज्ज्ञ अर्थातच तेच. त्यांनी मला समोर बसवून नियम सांगितले. विचारतील तेवढंच बोलायचं. आपण उलट काही विचारायचं नाही. पगाराचा विषय तर काढायचाच नाही, देण्याघेण्याचं मोठी माणसं बोलतात. कोणती मोठी माणसं, ते काही कळलं नाही. आतून आई ओरडली, "फिक्या रंगाचा ड्रेस घाल गं!"

मी एकही नियम पाळला नाही. पगार विचारला, वेळ विचारली, गिऱ्हाइकाने परत पाठवलेल्या मालाचं पुढे काय होतं तेही विचारलं. मुलाखत घेणाऱ्या मॅडम हसल्या आणि सविस्तर उत्तर दिलं. ती नोकरी मला फार हवी होती. दिवाळीपर्यंत काम मिळालं नाही तर माझ्यासाठीच स्थळं बघायला घेणार, असं बाबांनी मोठ्या लाडाने जाहीर केलं होतं.

आठवडाभर काहीच कळलं नाही. माझा फोन दुरुस्तीला होता म्हणून अर्जात बाबांचा नंबर दिलेला. शेवटी मी म्हणाले, आपणच विचारू या का? बाबा दचकलेच.

"येडी झालीस काय? पोरीकडच्यांनी आधी इचाराचा नसतो. उतावळा नवरा एक येल चालतो, उतावळी नवरी न्हाय चालत."

दोन दिवसांनी दुपारी जेवताना, वाटीतल्या आमटीकडे बघत ते सहज म्हणाले, "त्या गोदामवाल्या बाईचा फोन आलेला परवा. तुला पसंत केलाय."

"मग?" माझा घास हातातच राहिला.

"मंग काय? लगेच हो बोललो तर आपला मान काय ऱ्हाईल? बोललो, घरान इचारून कळवतो."

"आणि कुणाला विचारलंत घरात?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. विचारलं कुणालाच नव्हतं. मी ताटावरून उठले आणि जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाबा मुकाट्याने हात धुऊन आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि म्हणाले, "चल, होकार देऊन येव."

नाक्यावर त्यांनी पेढ्यांचा बॉक्स घेतला. शेअर रिक्षाने आम्ही गोदाम गाठलं. गोदामाच्या गेटवर वॉचमनने विचारलं, "किससे मिलना है, चाचा?" बाबा ताठ झाले. "हम लडकीवाले हैं." त्या बिचाऱ्याने काय समजून घेतलं देव जाणे, पण बाबांना बसायला स्वतःची खुर्ची दिली.

मॅडम बाहेर आल्या. त्यांनी सरळच सांगितलं, तुमचं काही कळलं नाही, आम्हाला वाटलं तुम्हाला नको आहे. कालच दुसऱ्या मुलीला घेतलं. बाबांच्या हातातला बॉक्स हळूहळू खाली गेला. मला रडू येत होतं, आणि त्यांचा चेहरा बघून राग धरणंही जमत नव्हतं. मुलीकडच्यांनी आधी विचारायचं नसतं, यावर उभी हयात काढलेला हा माणूस. तो खुर्चीतून उठला.

"ताई, चूक माझी हाय. पोरीची काय चूक न्हाय. दुसरी जागा हाय का एखादी?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "परत आलेल्या मालाचं तूच विचारत होतीस ना? त्या विभागात माणूस हवंय. सकाळची शिफ्ट आहे, पहाटे निघावं लागेल. पगार थोडा कमी. चालेल?"

"घरान..." बाबांच्या तोंडून सवयीने निघालंच. तिथेच ते थांबले. आजवर इतकी लग्नं जमवली, पण एखाद्या मुलीकडे वळून त्यांनी असं कधी पाहिलं असेल, असं मला वाटत नाही.

"तुला इचारतान त्या," ते मला म्हणाले. "तू बोल."

मी घरात न विचारता हो म्हटलं.