डबा वाचणारी बाई

आमच्या क्वार्टर्सच्या ओळीत रिकामे डबे आणि दुसऱ्यांचे किस्से कोणीच टाकून देत नाही. धुऊन-पुसून ठेवतात! कॉफीच्या डब्यात मोहरी, ताकदीच्या पावडरीच्या डब्यात बेसन. किस्से मात्र बहुतेक माझेच भरलेले असतात.

त्याला कारण आमची लेक, मिनू. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी तिचे ओठ सुजतात. डॉक्टर म्हणाले होते, "पुढच्या वेळी सूज घशात उतरू शकते. जपा." तेव्हापासून मी खाण्याचा प्रत्येक डबा, प्रत्येक पुडा वाचल्याशिवाय घरात आणत नाही. ओळीत माझं नाव पडलं, 'डबा वाचणारी'.

*

लकडगंजच्या दुकानात बिस्किटांच्या पुड्यावर नुसतंच 'खाद्य वनस्पती तेल' असं होतं. मी विचारलं, "कोणतं तेल, भय्या? शेंगदाण्याचं तर नाही?"

शेठने पुडा उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, "बाई, खानेकाच तेल है. इंजन में डालनेका नहीं!"

मागचं अख्खं गिऱ्हाईक हसलं. आमचे हेसुद्धा. वर घरी येताना म्हणाले, "माझी पत्रिका एवढी वाचली असतीस, तर वाचलीच असतीस!"

*

शेजारच्या कुसुमताई मिनूसाठी पोह्यांची बशी घेऊन आल्या. मी दारातच विचारलं, "दाणे?"

"अवं, एकेक वेचून काढले ना मी! पाहा, एक तरी दिसते काय?"

दिसत नव्हता. मी बशी परत दिली, तर महिनाभर त्या नळावर माझ्याशी बोलल्या नाहीत. इतरांशी बोलल्या. माझ्याबद्दल.

*

सासूबाई खाप्याहून आल्या की माझं वाचन त्यांना बघवत नाही.

"काय वाचून राहिली वं एवढं? आमच्या वेळेस डब्बेच नव्हते. दाण्यानं कधी लेकरू मरते काय? माझे दोन गेले, ते का दाण्यानं गेले?"

मी हळूच विचारलं, "मग कशानं गेले?"

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "कोणाले माहीत! तेव्हा विचारत कोण होतं?"

त्या दिवशी मी डबा तसाच खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलला.

*

आणि मग सावनेर. वन्संच्या नातवाचं बारसं. सकाळी मिनूला भूक लागली. वन्संनी फळीवरचा पावडरीचा डबा काढून माझ्यापुढे आदळला. "घे माय, वाच! वाचल्याबिगर तुही पोरगी पिणार नाही."

घरभर पाहुणे. मी वाचला. मोठ्यानं, छापलेल्या इंग्रजीतच वाचला, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको. गहू, सातू, दुधाची पावडर, साखर, कोको. दाण्याचं नाव नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या! वन्संनी दुधात दोन चमचे कालवून दिले.

अर्धा पेला झाला नसेल, मिनूचे ओठ फुगले. मग डोळे. मग श्वासाची शिट्टी वाजायला लागली.

दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन भरता भरता विचारलं, "काय खाल्लं?" मी अख्खं लेबल तोंडपाठ म्हणून दाखवलं. गहू, सातू, दुधाची पावडर...

"रोजच्या गहू-दुधानं असं होत नाही. आणखी काय?"

तेव्हा वन्सं दारातून म्हणाल्या, "डब्ब्यातलं तं कवाचंच सरलं. मी घरचं दळून भरलं त्यात. गहू, फुटाणे अन् दाणे. विकतच्यापेक्षा चांगलं."

डॉक्टरांनी सुई टोचली. शिट्टी हळूहळू थांबली. मिनू माझ्या खांद्यावर झोपली, तेव्हा मी विचारलं, "वन्सं, मी वाचत होते तेव्हा सांगितलं काहून नाही?"

वन्संनी पदर नीट केला.

"मले का इंग्रजी येते? तू एवढी वाचून राहिली, मले वाटलं, असंन त्यात लिहून!"