पाठ फिरवून घेतलेल्या गोळ्या

क्षयरोगाच्या गोळ्या रुग्णाला आपल्या डोळ्यांसमोर गिळायला लावायच्या, तोंड उघडायला सांगून पाहायचं, मग कार्डावर खूण करायची. मोहाडीच्या प्रशिक्षणात आम्हाला एवढंच शिकवलं होतं. एवढंच! आणि तेही माझ्याच्यानं झालं नाही.

गावात गोळ्या देण्याचं काम माझ्याकडे होतं. शेजारीच वेगळी चूल मांडलेल्या धाकट्या भावाच्या बायकोच्या बेडक्यात जंतू निघाले, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "हिले अंगणवाडीच्या बाईकडे पाठवा जी. घरच्यानं गोळ्या देऊ नये." मी ऐकलं नाही. गावभर बोभाटा कशाला? मीच देतो म्हटलं.

पण मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे सून भासऱ्याला तोंड दाखवत नाही, बोलत नाही. त्याच्यासमोर खाणं तर दूरच. ती दिवसाआड ओसरीत यायची, पदर नाकापर्यंत ओढलेला. मी गोळ्या आणि पाण्याचा लोटा खाली ठेवायचो. ती पाठ फिरवायची, मी अंगणाकडे बघायचो. लोटा रिकामा झाला की खूण. माझं कार्ड नेटकं म्हणून तालुक्याच्या साहेबांनी सगळ्यांना दाखवलं होतं. केवढी ऐट होती मला!

धान कापणीला आलं तरी तिचा खोकला हटेना. मग रक्त पडू लागलं. नवं धान भरण्याआधी माझ्या बायकोनं तिच्या घरची कणगी झाडली, तर तळाशी चिंधीत बांधलेल्या गोळ्या निघाल्या. काही तिनं गिळल्या होत्या, काही अशा लपवल्या होत्या.

"काहून नाही सांगितलं तिनं?" मी बायकोवरच ओरडलो.

"गोळी घेतली का उलट्या होत. रोवणीच्या चिखलात उभं राहवे ना तिले. तुमाले कशी सांगल थे? बोलते का कधी तुमच्यासंग?"

मी चिंधीतल्या गोळ्या मोजायला बसलो.

तिला नागपूरच्या दवाखान्यात नेलं. अर्धवट घेतल्यानं नेहमीच्या गोळ्या आता हिच्यावर चालणार नाहीत, डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या सुरू केल्या, पण फुप्फुसं पोखरून गेली होती.

एका दुपारी भाऊ चहाला गेला असताना गोळ्या मी तिच्या हातात दिल्या आणि सवयीनं खिडकीकडे वळलो.

"इकडे पाहा जी," ती म्हणाली.

मी वळलो. पदर तिनं मागे टाकला होता. तिनं गोळ्या गिळल्या, तोंड उघडलं, जीभ वर करून दाखवली. मी खूण करावी म्हणून थांबली.

कार्ड गावात राहिलं होतं. आठवड्याच्या आत ती गेली. तिचा चेहरा मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिला.